जतच्या रिपोर्टाची पोच

“वृंदाताई, बाकीचं सगळं नंतर. मला एवढंच सांगा, जतचा रिपोर्ट पोचला का?”

डॉ. रेहाना मुजावर माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली तेव्हा मी नुकती कुठे टेकले होते. मिरजेच्या वाटवे लॅबमध्ये संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, अशी पद्धत होती. वाटवे सरांनी ती घातली होती आणि सर आता नव्हते. त्यांचा दहावा आदल्याच दिवशी झाला होता.

“गेलाय म्हनून दाखवतंय की मशीन,” दारातून बापू कोळेकर म्हणाले. बापू म्हणजे लॅबचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. सरांनी पहिला मायक्रोस्कोप घेतला तो बापूंनी सायकलवरून आणला होता, असं ते स्वतःच सांगत. “सोमवारी गेलाय. मी सोता सोडलाय. हिरवी खूण हाय बघा त्याच्यापुढं.”

“हिरवी खूण मीपण बघितली, बापू. मी विचारतेय पोचला का.”

“आता हिरवी खूण म्हंजे काय मग?” बापू पुटपुटले.

बापू अगदीच चुकीचं विचारत नव्हते. सांगली-मिरजेतल्या दवाखान्यांचे, लॅबांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. पेशंटला निदान बोलता तरी येतं, माझा पेशंट मुका, त्यामुळे माझं काम तुमच्यापेक्षा अवघड, असं मी सरांना चिडवायची. सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, “उलट आहे. पेशंट बोलतो म्हणून तर चुका होतात.” त्या खोलीत बसलं की ते वाक्य हटकून आठवायचं.

“जतला काय आहे?” मी रेहानाला विचारलं.

ती बसली नाही. रेहाना बोलताना सहसा आवाज चढवत नसे, त्या दिवशी तर तो आणखी खाली गेला होता. “महादेवी बिराजदार म्हणून बाई आहे. माझ्याच वयाची असेल. छातीत गाठ. आधी कुठेतरी सुईने तपासलं, त्या कागदावर कॅन्सर लिहिलंय. जतच्या डॉ. ऐनापुऱ्यांनी तुकडा काढून आपल्याकडे पाठवला. मी तीन वेळा स्लाइड बघितली. कॅन्सर नाही तो, वृंदाताई. दाह आहे, गाठीसारखा दिसतो. औषधाने बरा होईल. आणि ऑपरेशन आज आहे.”

“आज?”

“आज दुपारी. स्तन काढायचं ऑपरेशन. रिपोर्ट मिळाला असेल तर ते करणारच नाहीत. पण मग मला फोन तरी यायला हवा होता. इतकं वेगळं निदान पाठवलं तर कुठलाही सर्जन एकदा विचारतो. सकाळी मी तिकडे फोन केला, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली साहेब कामात आहेत, सांगते. अजून काही नाही.” तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. “सर गेल्यापासून एकाही डॉक्टरने मला काही विचारलेलं नाही. मला वाटत होतं, माझी सही बघून लोक रिपोर्ट बाजूला ठेवतात.”

“कायतरीच काय बोलताय, मॅडम,” बापू म्हणाले. पण त्यांनाही तसंच वाटत असावं.

इथे त्या लॅबची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यातून झालं. रिपोर्ट ई-मेलने जायचा तो सरांच्या स्वतःच्या पत्त्यावरून. लॅबचा वेगळा पत्ता काढून देते म्हणून मी कितीदा मागे लागले होते. सरांचं उत्तर ठरलेलं: “जबाबदारी माझी, मग पाकिटावर नाव दुसऱ्याचं कशाला?” आणि ज्या डॉक्टरला रिपोर्ट मिळेल त्याने उलट एकच शब्द लिहून पाठवायचा, ‘पोचला’. नाही पाठवला तर दुसऱ्या दिवशी सर फोनवर हजेरी घेत. कवठेमहांकाळपासून विजापूरच्या अलीकडेपर्यंत, भलेभले सर्जन त्या एका शब्दाच्या धाकात असत. या पोचा सर लॅबमध्ये बघत नसत. संध्याकाळी घरी आरामखुर्चीत बसायचं, फोन हातात घ्यायचा आणि एकेक पोच बघायची. तशीच बघता बघता त्यांची मान कलली.

ते गेले त्याच आठवड्यात मी बापूंना विचारलं होतं की, आता सह्या रेहाना डॉक्टर करणार, तर पत्ता बदलूया का. बापूंनी माझ्यापुढे हातच जोडले. “तेरावं होऊ द्या, ताई. तवर मानूस घरातच असतंय म्हनत्यात. त्येच्यासमोर त्येची पाटी काढायची व्हय?” रेहानाही काही बोलली नाही. सरांच्या केबिनला त्याच दिवशी कुलूप लागलं आणि किल्ली बापूंच्या करगोट्याला गेली. तेव्हापासून सही रेहानाची आणि पाकिटावर नाव सरांचं, असं चाललं होतं.

मी कामाला लागले. नोंदी पाहिल्या, सगळे रिपोर्ट बाहेर पडलेले होते. अडकून पडलेलं पत्र एकही नव्हतं. पासवर्ड बरोबर, जोडणी बरोबर. आजारी माणसाची नाडी, ताप, रक्त सगळं ठीक यावं आणि तो मात्र उठून बसू नये, तशातली गत. मग मी लॅबच्या सर्व्हरवरून माझ्याच पत्त्यावर एक पत्र पाठवलं. हिरवी खूण लगेच आली. पत्र आलं नाही.

“बापू,” मी म्हटलं, “आपला सर्व्हर पत्रं स्वतः वाटत नाही. लहान सर्व्हरवर बाहेर कोणी विश्वास ठेवत नाही, पत्र सरळ कचऱ्यात टाकतात. म्हणून आपण ती एका मोठ्या कंपनीकडे देतो आणि कंपनी पुढे वाटते. ही हिरवी खूण म्हणजे कंपनीने पत्र हातात घेतलं, इतकंच. निरोप्याच्या हाती निरोप दिला म्हणजे तो घरी पोचला असं थोडंच आहे?”

बापूंनी खुर्ची ओढली आणि हळूच बसले.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे दूरच्या शहरातला एक सौम्य आवाजाचा मुलगा होता. त्याने खातं उघडून बघितलं आणि अगदी सहज सांगितलं की, नवा नियम झालाय, पत्र ज्याच्या नावाने जातं त्याने आपला पत्ता एकदा पक्का करायचा. त्याच पत्त्यावर आम्ही दुवा पाठवलाय, तो दाबायचा. महिनाभर आठवणी पाठवल्या, मुदत संपली. आता त्या नावाने आलेलं पत्र आम्ही दारात घेतो, आत तपासतो आणि कारण लिहून पाठवणाऱ्याला परत करतो.

“परत करता?”

“प्रत्येक पत्र परत केलंय, मॅडम. तुम्ही बघितली नाहीत का?”

मुदत संपल्याची तारीख त्याने सांगितली. सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. मी विचारलं, नाव बदलून डॉ. मुजावरांचं घातलं तर? तो म्हणाला, नव्या नावाची तपासणी माणूस करतो, एक-दोन दिवस जातील. जुन्या नावाचा दुवा मात्र अजून चालू आहे. दाबला की लगेच रस्ता मोकळा.

मी फोन ठेवला. रेहाना भिंतीला टेकून उभी होती. “म्हणजे एकही गेलेला नाही,” ती म्हणाली.

“सगळे सरांच्या ई-मेलच्या पेटीत परत आलेत. तुमची हरकत नसेल तर पेटी उघडते.”

तिने बापूंकडे पाहिलं. बापूंनी नजर खाली घातली. कुणी नाही म्हटलं नाही, तेव्हा मी उघडली. आणि पेटी रिकामी होती. परत आलेलं पत्र नाही, कंपनीची आठवण नाही, सांत्वनाचं एक वाक्य नाही, काहीच नाही.

मग नोंदी खाली खाली पाहत गेले. कोणीतरी ती पेटी उघडून पत्रं नेत होतं. काल, परवा, त्याच्या आधी, थोड्या थोड्या वेळाने, दिवसरात्र. आम्ही तिघं पडद्याकडे पाहत असतानाच आणखी एक नोंद पडली. माझं पाठवलेलं पत्रही परत येऊन गेलं होतं.

“केबिनला कुलूप हाय,” बापू म्हणाले. त्यांचा हात कमरेवर गेला होता. “किल्ली हितं हाय माझ्यापाशी. आत कोन न्हाई. ताई, कोन उघडतंय सरांची पेटी?”

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी मागे वळून केबिनच्या दिशेने पाहिलं.

रेहानाच बोलली. “फोन,” ती म्हणाली. “सरांचा फोन. तो पत्रं ओढून घ्यायचा आणि इथली पुसून टाकायचा, तुम्हीच लावून दिला होता तसा. काकूंकडे असेल तो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. बापूंना संगणकापाशी बसवून आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून निघालो.

सरांचं घर ब्राह्मणपुरीत. मुलगा आणि सून तेराव्याच्या तयारीसाठी बाहेर गेले होते. सरांच्या पत्नी सुलभाकाकू बाहेरच्या खोलीत चटईवर एकट्याच बसल्या होत्या. भिंतीशी आरामखुर्ची आणि खुर्चीच्या पुढ्यात जमिनीवर दिवा. दिव्याशेजारी छोट्या पाटावर सरांचा फोन, चार्जरची वायर लावलेला. त्या पाटाकडे पाहिलं आणि मला सगळं उमगलं. सांगायचं कसं, तेवढंच उरलं होतं.

रेहाना उंबऱ्याशीच थांबली.

“आत ये ग,” काकू म्हणाल्या. “त्यांची विद्यार्थिनी तू, उंबऱ्यात काय उभी राहतेस? आम्हाला सुतक आहे, तुला कसलं? वृंदा, बस तूपण.”

आम्ही बसलो. रेहानाने लगेच जतचा नंबर लावायला घेतला. तो व्यस्त होता.

“लॅब सुरू ठेवलीत, फार बरं केलंत,” काकू मला म्हणाल्या. “मला इथे बसून कळतं सगळं. हा वाजतो ना.” त्यांनी फोनकडे बोट केलं. “पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, बंद करून ठेवा. मी नाही केला. म्हटलं वाजू दे. माणसं भेटायला येतात तोवर काही वाटत नाही ग. दुपारी ती गेली की घर खायला उठतं. मग हा टुंग करतो. कुणाचा तरी रिपोर्ट पोचला. चाळीस वर्षं मी संध्याकाळी ही पोच ऐकत आले. आधी पोस्टकार्डं यायची, मग हा आला. मी आपली दिव्यात तेल घालते आणि म्हणते, चाललंय तुमचं व्यवस्थित.”

“काकू, उघडून बघितला का कधी?”

“छे. त्यांचा फोन मी ते असताना उघडला नाही. आता कशाला उघडू?” मग त्या जरा हसल्यासारख्या झाल्या. “काल घाटावर कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, कशात जीव अडकलेला नाही. म्हटलं, अडकेल कसा? पोचा येतायत की रोज.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. खात्री करून घेतल्याशिवाय बोलायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावलं. बाहेर ओसरीवर जाऊन बापूंना फोन केला आणि म्हटलं, माझ्या पत्त्यावर एक कोरं पत्र सोडा.

“सोडलं,” बापू म्हणाले. “हिरवी आली.”

मी आत येऊन बसले. काकू वात सारखी करत होत्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाटावरचा फोन वाजला.

टुंग.

“बघ,” काकू म्हणाल्या. “पोचला कुणाचातरी.”

“काकू,” मी म्हटलं, “तो पोचला नाही. तो परत आलाय.”

हे बोलताना मला माझ्याच जिभेचा राग आला. मग मी सांगितलं, जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं. पाकिटावर नाव सरांचं आहे, ते नाव पक्कं करायचं राहिलं, म्हणून कंपनी प्रत्येक रिपोर्ट परत पाठवते. पाठवते सरांनाच. हा आवाज त्याचा.

“सगळे?”

“सगळे.”

“मग एवढे दिवस मी...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पदराने उगाचच पाटाची कड पुसली. “आणि कावळा म्हणे लगेच शिवला.”

नंतर त्यांनी मान वर केली ती रेहानाकडे. इतकी वर्षं एका पॅथॉलॉजिस्टच्या घरात काढलेली बाई ती. तिने विचारलं, “कुणाचं अडलंय का काही?”

रेहानाने सांगितलं. महादेवीचं नाव नाही सांगितलं, बाकी सगळं सांगितलं.

“म्हणजे आधीच्यापेक्षा वेगळं निघालं,” काकू म्हणाल्या. “मग तू फोन केला असशील ना त्या सर्जनला? हे तर करायचेच. जुळलं तर नुसता कागद. वेगळं निघालं की संध्याकाळी इथून स्वतः फोन. सगळ्या डॉक्टरांना माहीत होतं ते. वाटव्यांचा फोन नाही म्हणजे वेगळं काही नाही.”

“मला माहीत नव्हतं,” रेहाना म्हणाली. “सर घरून करायचे. मला कधी बोलले नाहीत.” आणि तिने पुन्हा जतचा नंबर लावला. या वेळी उचलला. तिचा इतका कडक आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. “साहेब कामात असू देत. हातमोजे घातलेले असले तरी फोन कानाला लावा त्यांच्या. वाटवे लॅबमधून बोलतेय म्हणावं.”

तिने स्पीकर लावला. पलीकडे दार उघडल्याचा आवाज, कोणीतरी मोठ्याने बोलत होतं, मग एक दमदार आवाज आला. “बोला मॅडम. ऐनापुरे.”

“बायोप्सीत कॅन्सर नाही, डॉक्टर. रिपोर्ट तुम्हाला मिळालेला नाही, आमच्याकडून अडकला. ऑपरेशन करू नका.”

“मॅडम, काल मी तुमच्या लॅबला विचारलं, गेलाय म्हणाले. म्हटलं आमच्या इथली लाइनच रडकी, कुठंतरी अडकला असंल. फोन तर नाही आला, म्हंजे आधीचंच कायम. दोन वाजता घेणार होतो बाईला.”

“नका घेऊ.”

“आता मी कशाला घेतोय? पन ऐका. बाहेर तिचे दोन भाऊ हायत, जीप घेऊन आल्यात. आठ दिवस झाले, रोज म्हनत्यात लवकर काढून टाका, पसरंल. मी आता तोंडानं म्हटलं कॅन्सर नाही, तर ते म्हननार डॉक्टरला जमंना. आधीचा कागद त्यांच्या खिशात हाय. तो दाखवून घेऊन जातील दुसरीकडं, आजच. मला तुमचा कागद द्या. वाटवे लॅबवरनं आलेला. ते नाव त्यांना ठाऊक हाय, त्यांच्या बापाचं बघितलं होतं सरांनी.”

“सर गेले, डॉक्टर.”

“मला माहीताय,” ऐनापुरे म्हणाले. “तरी सवयीनं फोनचीच वाट बघितली, मॅडम. कागद द्या, अर्ध्या तासात द्या. तेवढं थोपवतो मी त्यांना.”

फोन बंद झाला. मी काकूंना म्हटलं, “सरांचा फोन उघडावा लागेल.”

त्यांनी वायर काढली. सुतकात हातातून हातात काही देत नाहीत. फोन त्यांनी चटईवर ठेवला आणि बोटाने आमच्याकडे सरकवला. उघडण्याचा आकडा विचारावा लागला नाही. “लॅब सुरू झाली ते साल,” त्या म्हणाल्या, “दुसरं काय असणार?”

फोन चटईवरच ठेवून मी उघडला. परत आलेल्या पत्रांची रांग लागली होती. प्रत्येकावर सरांचं नाव आणि खाली कारण, तेच तेच. खूप खाली गेल्यावर कंपनीची आठवण सापडली. दुवा दाबला. एक प्रश्न आला आणि खाली दोन चौकोन.

रेहानाने तो वाचला आणि मागे सरकली. “हे खोटं होईल, वृंदाताई.”

“काय विचारतोय?” काकू म्हणाल्या. “मराठीत वाच मला.”

मी वाचलं. “‘हा पत्ता तुमचा आहे, आणि या नावाने जाणाऱ्या प्रत्येक पत्राची जबाबदारी तुमची आहे, हे तुम्हाला मान्य आहे का?’”

काकू थोडा वेळ दिव्याकडे पाहत राहिल्या. बाहेर कुणाचीतरी सायकल वाजत गेली.

“पत्ता त्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “जबाबदारी आता कुणाची?”

हे उत्तर माझं नव्हतं. मी रेहानाकडे पाहिलंही नाही.

“माझी,” रेहाना म्हणाली.

“मग तूच दाब.”

तिने चटईवर वाकून, फोन न उचलता, एका बोटाने तो चौकोन दाबला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि धन्यवाद असा शब्द आला. मी बापूंना फोन लावला. “सगळे रिपोर्ट पुन्हा सोडा, बापू. जतचा पहिला.”

“सोडला.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “हिरवी आली. आता?”

“आता बघू.”

आम्ही तिघी फोनकडे बघत बसलो. आधी हिरव्या खुणेमागोमाग तो वाजायचा. आता वाजत नव्हता. काकू अस्वस्थ झाल्या. “वाजत नाही ग.”

“न वाजलेलाच बरा, काकू. वाजला म्हणजे परत आला.”

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटत नव्हतं हे दिसत होतं. इतके दिवस त्या आवाजाच्या आधाराने बसलेल्या बाईला मी शांतता बरी म्हणून सांगत होते. रेहाना ओठ हलवून काहीतरी म्हणत होती. माझा जीव टांगणीला लागला होता तो एका अनोळखी बाईसाठी, जिचा चेहरा मी आयुष्यात पाहणार नव्हते.

आणि फोन वाजला.

रेहाना दचकली. काकूंनी डोळे मिटून घेतले. “वाच,” त्या म्हणाल्या. “काय असेल ते वाच.”

मी वाकून पाहिलं. डॉ. ऐनापुऱ्यांचं पत्र होतं, सरांच्या नावाने. पहिल्या ओळीत एकच शब्द होता, नेहमीचा. दुसरी ओळ बहुधा त्यांना राहवलं नाही म्हणून लिहिली होती.

“‘पोचला’,” मी वाचलं. “‘भाऊ थांबले.’”

रेहानाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि रडली. काकू रडल्या नाहीत. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला, जयसिंगपूरहून. मग तासगावहून, मग अथणीहून. दरवेळी मी वाचायची, पोचला, पोचला, आणि काकू प्रत्येक डॉक्टरचं नाव विचारून घ्यायच्या. काही नावांना त्या म्हणायच्या, हा नेहमी उशीर करतो, याला ओरडायचे ते. तेव्हाच फक्त त्यांचा आवाज हलायचा.

आज त्याला बरीच वर्षं झाली. महादेवी औषधांनी बरी झाल्याचं रेहानाने पुढे मला सांगितलं. पत्ता आम्ही तेराव्याची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी बदलायला घातला आणि केबिनचं कुलूप बापूंनी स्वतः काढलं. सर्व्हर मी कितीतरी दुरुस्त केले त्यानंतर, आणि हिरव्या खुणेवर मी आजही विश्वास ठेवत नाही. पण मला आठवतं ते आम्ही निघालो तेव्हाचं.

उन्हं उतरली होती. आम्ही उठलो. रेहाना चप्पल घालायला दाराशी गेली तेव्हा काकूंनी तिला हाक मारली. चटईवरचा फोन त्यांनी उचलला, वायर गुंडाळली आणि दोन्ही घेऊन दारापर्यंत आल्या. रेहाना गोंधळून म्हणाली, “काकू, खाली ठेवा, मी घेते. सुतक आहे तुम्हाला.”

“असू दे.”

त्यांनी तिचा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि फोन त्यात ठेवला. तो तेव्हाही एकदा वाजला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“दिव्याचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “हे तू बघ.”